आपल्या गावच्या पहाटेचा इतिहास

जीर्णोद्धार समितीच्या बंधूंनी या स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर एक लेख द्यावा अशी मला आज्ञा केली. देवळाची बांधणी, जुन्या मूर्ती, दीपमाळ व देणगीदार यांविषयी माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी याच पुस्तकात लिहिले आहे. माझा रोजचा संबंध दप्तराशी. दप्तरात जमिनीची नोंद असते, पिकाची असते, जन्माची व मृत्यूची असते. गाव सकाळी कसे उठत असे याची नोंद मात्र कोठेही नसते. पंचनाम्यात तेवढे ‘पहाटे चारचे सुमारास’ असे शब्द येतात, आणि तेही कोणाची गंजी जळाली किंवा बैल चोरीस गेला म्हणून. सबब जे दप्तरात नाही तेच येथे लिहावे असे ठरविले. थोडे वाचलेले आहे, बरेचसे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे, व काही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

प्रथम वेळेविषयी. घड्याळ येण्यापूर्वी दिवसरात्रीच्या साठ घटिका धरीत. एक घटिका म्हणजे आजची चोवीस मिनिटे. लग्नकार्यात जोशीबुवा पाण्याच्या भांड्यात घटिकापात्र सोडीत. बुडास बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की घटिका झाली. रोजच्या व्यवहारात एवढा हिशेब कोणी करीत नसे. पहिला कोंबडा, झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, दिवस कासराभर वर येणे, न्याहारीची वेळ, अशी आमच्या आजोबांची घड्याळे होती. रात्री जाग आली तर अंगणात येऊन म्हातारीची बाज कोठवर कलली ते पाहावयाचे आणि पुन्हा निजावयाचे. शुक्राची चांदणी उगवली की मोट जोडावयाची. पुढे हा शुक्र कित्येक महिने पहाटे न दिसता संध्याकाळी दिसू लागतो. त्या दिवसांत नवख्या गड्याची फजिती होई असे सांगतात.

सरकारी वेळ गावात आली ती फार उशिरा. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईकरांना ही नवी वेळ मुळीच रुचली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे त्या शहरात ‘मुंबई टाइम’ पाळणारे लोक होते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत तर सरकारने घड्याळ आणखी एक तास पुढे केले होते. खेड्यातल्या कोंबड्याला यातले काही ठाऊक नव्हते. तो आपल्या वेळेवर आरवत राहिला.

आता मुख्य गोष्ट. गावची पहाट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काकड आरती येते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर देवास उठवावयाचे. तुपात भिजवलेल्या वस्त्राचा काकडा पेटवून ओवाळावयाचे, भूपाळ्या म्हणावयाच्या, मग लोणीसाखरेचा नैवेद्य. मंडळी कुडकुडत, कानाला मफलर गुंडाळून येत आणि मृदंगावर थाप पडली की थंडी विसरत. आपण सारे म्हणतो की काकड्याने गाव उठत असे. हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. काकड्याने देव उठत असे आणि काही घरचे पुरुष उठत असत. त्याआधी गावातला मोठा भाग उठून कामास लागलेला असे, आणि काहींना तर त्या देवळात येण्याची मुभाच नव्हती.

सर्वांत आधी उठे ते जाते. माझी आजी सांगे की घरात दहा तोंडे असली की रोज पायलीभर दळण पडे. पायलीभर जोंधळा दळावयाचा तर दुसऱ्या कोंबड्याला उठून चालत नाही. सासू-सून किंवा दोघी जावा समोरासमोर बसत, एकच खुंटा चार हातांनी फिरे. दळण संपेतो तोंडात ओवी चाले. त्या ओव्यांत माहेर असे, भाऊ असे, पंढरीचा विठोबा असे, आणि जे दिवसा कोणाजवळ बोलता येत नसे तेही असे. समोर बसलेली सासू असली तरी ओवीतले गाऱ्हाणे तिला ऐकावेच लागे, हा त्या पहाटेचा एक कायदाच होता म्हणा ना. साने गुरुजींनी या ओव्या गोळा करून छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉयटवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढी मोठी पोथी कोणत्याही मठात नसेल, आणि ती रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती.

जनाबाईबरोबर पांडुरंग दळू लागला ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. तिच्यातली एक बारीक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. दळण तर पहाटेच्या आधीचे. म्हणजे काकडा घेऊन आपण देवास उठवावयास जातो तेव्हा देव कधीच उठून जात्यावर बसलेला असतो. थोरांनी या बोलण्याचा राग मानू नये.

दळण उरकले की पाणी. आडावर रहाट, कळशी, मग हंडे. मग शेण, सडा, चूल, भाकरी. दात घासावयास राखुंडी किंवा बाभळीची काडी, पुढे ‘माकडछाप’ काळी पूड आली. बायांची मशेरी तव्यावर भाजली जाई तिचा वास अजून नाकात आहे. तिने किती जणींच्या तोंडाची दुखणी ओढवली हेही आता सर्वांना कळले आहे. चहा आमच्या पणज्यांच्या वेळी ताप आला तरच मिळे. माझ्या लहानपणी मात्र गुळाचा कोरा चहा घेतल्याशिवाय गडी शेतास निघत नसे.

आणखी एक गोष्ट आहे. देवळाच्या पुस्तकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण इतिहास लिहावयाचा तर टाळता येत नाही. घरी शौचालय नव्हते तेव्हा गावातली प्रत्येक स्त्री उजाडण्यापूर्वी बाहेर जाऊन येत असे. पुरुष केव्हाही जात. बाईला अंधारच पाहिजे. दुखणे असो, पाऊस असो, दिवस गेलेले असोत, चुकले तर संध्याकाळच्या अंधारापर्यंत कळ काढावयाची. रस्त्याने कोणाची बत्ती दिसली की उठून उभे राहावयाचे. लवकर उठणाऱ्या स्त्रियांचे आपण कौतुक करीत आलो, त्यातले किती उठणे या कारणाने होते याचा विचार पुरुषांनी केला नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडीत, कीर्तन मागाहून. त्यांच्याच नावाने सन २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान निघाले. पुढे ‘गुड मॉर्निंग पथक’ निघाले आणि लोटा घेऊन निघालेल्यांना गाठून गुलाबाचे फूल देऊ लागले. त्या फुलाला भिऊन पुष्कळांनी खड्डा खणला! हसण्याचा भाग सोडा, आमच्या घरी शौचालय झाले त्या आठवड्यात आई पहिल्यांदा तांबडे फुटल्यावर उठली.

त्या काळच्या पहाटेला दारावर माणसेही येत. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत येई. कुडबुडे वाजवीत पिंगळा येई आणि भविष्य सांगून अंधारातच नाहीसा होई. पांगुळ सूर्याच्या सारथ्याचे, अरुणाचे नाव घेऊन दान मागे, आणि सूर्य उगवण्याच्या आत त्याला आपली फेरी संपवावी लागे. आपली पहाट ही त्यांची कामाची वेळ होती. आता ते क्वचित दिसतात. त्यांची मुले शाळेत गेली, हे चांगलेच झाले.

गावची वेस उघडणारा वेसकर, सरकारी टपाल पोचविणारा, मेलेले जनावर ओढणारा, रस्ता झाडणारा, ही सारी कामे महार व इतर वतनदार बलुतेदारांकडे होती. पाटलाच्या वाड्यावर पहाटे हजर राहणे हा त्यांच्या वतनाचा भाग. दिवसरात्र केव्हाही बोलावणे येई, म्हणून त्यांची अशी स्वतःची सकाळच नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. आणि ज्यांनी वेस उघडली त्यांना देवळाचे दार बंद होते. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले तेव्हा कोठे ते खुले झाले. कायदा झाला तरी गावोगावचे उंबरे ओलांडले जावयास आणखी बरीच वर्षे लागली. जुन्या मंडळींकडून ऐकले आहे की काकड्याचे भजन वस्तीपर्यंत ऐकू जाई, आणि तिकडे आपल्या अंगणात बसून लोक टाळ धरीत. तीही काकड आरतीच होती. या जीर्णोद्धाराच्या वर्गणीत त्या वस्तीतील प्रत्येक घराची पावती फाटली आहे. ही नोंद मी स्वतः वहीत पाहिली आहे म्हणून लिहितो.

आता मुंबईकर मंडळींविषयी. सभामंडपाच्या फरशीवर त्यांचे नाव आहे आणि ते असावेच. आपल्या सातारा भागातून गिरण्यांत गेलेली माणसे गावाच्या गाळ्यात राहत. एका खोलीत वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक पेटी व एक वळकटी. पहिली पाळी सकाळी सातची. भोंगा व्हावयाच्या आत नळावर नंबर, संडासाच्या रांगेत नंबर, आणि खानावळीचा डबा. रात्रपाळीचा माणूस सकाळी परत येई तो सकाळच्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर अंग टाकी. एकाची पहाट ती दुसऱ्याची रात्र. खानावळ चालविणारी बाई या सर्वांच्या आधी, साडेतीन-चारला स्टोव्ह पेटवी. तीही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या गावची, तिचे नाव फरशीवर येत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. माझे वडील त्यांपैकी एक. ते गावी आले तेव्हा मी लहान होतो. पहाटे पाचला ते उठत, दाढी करीत, धुतलेला सदरा घालीत आणि ओट्यावर येऊन बसत. शेत थोडे, त्यात त्यांचा हात बसलेला नव्हता. सुमारे दोन वर्षे हे असे चालले. पुढे त्यांनी म्हैस घेतली, आणि मग पाचला उठण्याला पुन्हा कारण मिळाले.

दूध हा पुढच्या काळातला मोठा फेरफार. १९७० साली देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि हळूहळू खेड्यापाड्यांत संकलन केंद्रे उघडली. आधी दूध घरात खाऊन उरलेल्याचे तूप होई. आता कॅन घेऊन ठरल्या वेळी केंद्रावर उभे राहावे लागते, गाडी निघून गेली की दूध अंगावर पडते. गावात घड्याळाची शिस्त कोणी लावली असेल तर ती म्हशीने लावली, शाळेने नव्हे. तीन-चार गुंठे जमीन असलेल्या घराला दर दहा दिवसांनी रोख पैसा हाती आला तो यामुळेच. पण दूध काढण्याचे, शेणाचे, वैरणीचे काम पुष्कळ घरांत पुन्हा बाईकडेच गेले. पिठाच्या गिरणीने तिला जे दोन तास परत दिले होते ते म्हशीने घेतले.

१९७२ च्या दुष्काळातील सकाळी वेगळ्याच होत्या. शेतावर जावयाचे कारणच उरले नव्हते. घरटी माणसे खडी फोडावयास, तलावाच्या कामावर जात. सुकडी मिळे, रेशनवर परदेशची लाल मिलो मिळे. जमीनदार घरची सून व भूमिहीन मजुराची बायको शेजारी बसून हातोडी मारीत होत्या, असे आई सांगे. गावातल्या सर्व घरांची सकाळ एकाच वेळी, एकाच कामाला, अशी तेवढीच एक वेळ झाली असावी. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला.

आणि आजची सकाळ? ती तर एकेका घरात चार प्रकारची आहे. शेतीच्या पंपास वीज आठवड्यातील काही दिवस रात्री मिळते. रात्री बाराला थ्री फेज आली की माणूस बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यावयास जातो. साप, बिबट्या, थंडी यांना तोंड देऊन पहाटे घरी येतो. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना चालू झाली आहे, जेथे ती पोचली तेथे शेतकरी रात्री झोपू लागला आहे. शाळेच्या भिंतीवर लवकर उठण्याचे सुवचन रंगवलेले असते. ते वाचून आपण आठ वाजता झोपलेल्या माणसाला आळशी म्हणतो. तो पाणी पाजून आलेला असेल, किंवा एम.आय.डी.सी.तील रात्रपाळी करून. चौकशी करून मग बोलावे.

काकड्याचा महिना आणि साखर कारखान्याचा हंगाम जवळजवळ एकदमच सुरू होतो. बीडकडून टोळ्या येतात, मुकादमाची उचल घेतलेली नवराबायको म्हणजे एक ‘कोयता’. पहाटे तीन-चारला त्यांच्या कोपीवर चूल पेटते, तान्ही मुले उसाच्या पाचटात गुंडाळून ठेवून ती कामास लागतात. आपण शाल पांघरून देवळाकडे निघतो तेव्हा त्यांच्या टायरगाड्या भरून रस्त्याला लागलेल्या असतात. बैलाच्या गळ्यातली घंटा आणि देवळातली घंटा एकाच वेळी ऐकू येते. मागील कार्तिकात त्यांतील दोघे-तिघे गाडी थांबवून बाहेरूनच हात जोडून गेले. आत या म्हणावयाचे कोणाला सुचले नाही.

आम्हा कचेरीतल्या लोकांची सकाळ सर्वांत सोपी. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि कचेरी पावणेदहाची झाली. लहान मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश शासनाने २०२४ मध्ये काढला, तोही चांगला. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला तेव्हाच्या अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पुण्यास निघाली. आपल्या गावी मुक्कामाची गाडी येऊ लागल्यावर चालक-वाहक याच देवळाच्या सभामंडपात निजत आणि पहाटे त्यांना भजनी मंडळ उठवी. कॉलेजची मुले, दवाखान्यात जाणारे म्हातारे, भाजीच्या पाट्या, सारे त्या गाडीने जात. पुण्याच्या आकाशवाणीवर सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या लागल्या की उरलेले गाव उठले असे समजावे.

हे सर्व लिहावयाचे निमित्त असे की, कलशारोहणानंतर काकड आरतीची वेळ कोणती ठेवावी व देऊळ केव्हा उघडावे यावर समितीच्या बैठकीत बरेच बोलणे झाले. कोणी म्हणाले पाच, कोणी म्हणाले सहा म्हणजे तरुण येतील. पाचला भोंगा लावावा अशीही सूचना आली. ध्वनिक्षेपकाविषयी वाद घालण्याचे कारण नाही; सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच आहे. आणि नियम नसता तरी रात्रभर पाणी पाजून नुकत्याच निजलेल्या माणसाच्या कानात भूपाळी ओतून कोणते पुण्य लागणार? पूर्वीच्या काकड्याला मृदंग व गळा पुरत असे.

आरतीची वेळ मंडळींनी सोयीने ठरवावी. माझी विनंती दाराविषयी आहे. गाभाऱ्यास कुलूप असावे, दागिने आहेत. सभामंडपाचे दार मात्र पहाटे चारला उघडावे, दिवा लावावा, एक घागर पाणी ठेवावे, आणि ज्याला ज्या वेळी जमेल त्याने यावे. दुधाचा कॅन उतरवून दोन मिनिटे टेकणारी येईल, रात्रपाळीचा येईल, गाडी रस्त्यावर उभी करून कोयत्याची जोडी येईल.

किल्ली कोणाकडे ठेवावी हा प्रश्न राहतो. विश्वस्तांपैकी एकाकडे असावी असा बैठकीत सूर होता. पण विश्वस्तांमध्ये पाचाच्या आत उठणारा एकही नाही, हे मी त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. दूध केंद्रावर पहिला कॅन रोज ज्या भगिनी आणतात त्यांची वाट देवळावरूनच आहे. त्यांना विचारून किल्ली त्यांच्याकडे द्यावी, आणि तशी नोंद बैठकीच्या वहीत करावी.